पाचवीचं न्हाणं

चाळीस वर्षं मी लोकांची लेकरं न्हाऊ घातली. कैंप-१ मध्ये, स्टील प्लांटच्या कामगारांच्या वस्तीत, कोणालेही विचारा, शकुबाई कोण म्हणून. तेलुगू, मल्याळी, बिहारी, छत्तीसगढी, आपले भंडारा-गोंदियाकडचे, प्लांटमध्ये कामाले जाणारं जे घर म्हणसान त्या घरातलं लेकरू माह्या पायावरून गेलं आहे. पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, लेकराले पायावर पालथं घालायचं. पयले कोमट तेल, मंग कढत पाणी, मंग शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी. लेकरू असं झोपे, की त्याच्या मायले बसून चाय प्यायले टाइम भेटे. त्यातले किती तरी आता मोठे सायेब झाले. रस्त्यात दिसले तं हेल्मेट काढून नमस्कार करतात. मिजास होती मले या हाताची, खोटं कावून बोलू.

तं अशा बाईले तिच्याच घरात तिची सून म्हणते, आई, आपल्या बाळाले तुमी न्हाऊ नका घालू. भूमिका राजनांदगावची. पोरगी वाईट नाही, पण सातवा महिना लागला अन् दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिच्या डोक्यात भरवलं, की नाकात तेल सोडायचं नाही, धुरी द्यायची नाही, नाळ पडेपर्यंत आंघोळ नाही, नुसतं पुसायचं. मले असा राग आला, की दोन दिवस मी तिच्या हातची चाय प्याली नाही. माहा पोरगा पीयूष प्लांटच्या ऑफिसात बाबू आहे. तो आमच्या दोघींच्या मधात मान खाली घालून जेवे अन् उठून जाये. मी त्याले म्हटलं, तुले बी याच हातानं न्हाऊ घातलं, मेला का तू?

याच दिवसांत लाली आमच्या जिन्याखाली व्यायली.

लाली म्हणजे गल्लीतली कुत्री. तांबूस अंग, एक कान फाटलेला, कोणाचीच नाही अन् सगळ्यांची. आमी आता स्मृति नगरात राहतो. इथं नोकरदारांची घरं, समोर पोर्च, बाजूनं गच्चीवर जायचा जिना. त्या जिन्याखाली मी कैंपातलं माहं जुनं सामान ठेवते: पाट, घमेलं, शेगडी अन् फाटक्या गोधड्यांचं गाठोडं. जानेवारीची थंडी होती. मंगळवारी सकाळी झाडू घ्यायले वाकली, तं गोधडीवर सहा पिल्लं. मुठीएवढी, डोळे बंद, एकमेकाच्या अंगावर चढून राहिली होती. लालीनं माह्याकडे पायलं अन् शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. मी म्हटलं, बाप्पा, चाळीस वर्षं मी बाळंतिणीच्या घरी गेली, आज बाळंतीण माह्या घरी आली.

बाळंतिणीचं खाणं मले कोणी शिकवाले नको. तांदळाची पेज, त्यात एक अंडं, दिवसातून तीनदा. पिण्याचं पाणी मातीच्या कुंड्यात. जिन्याच्या तोंडाले मी एक जुनी चादर बांधून देल्ली, वारा लागू नये म्हून. सहांत एक पिल्लू असं जाडजूड होतं, की बाकीच्यांले ढकलून दुधाले लागे. त्याचं नाव मी पैलवान ठेवलं. अन् एक होती चिमणी, सगळ्यात बारकी, पांढऱ्या पायाची. ती नेहमी सगळ्यांच्या खाली दबलेली सापडे.

गुरुवारी शामसुंदर सायेब आले. सायेब मूळचे नागपूरचे, प्लांटमधून मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले, अन् आता आमच्या गल्लीच्या समितीचे सेक्रेटरी. पीयूषचे बाबा कोक ओव्हनमध्ये होते तवा हेच त्यांचे शिफ्ट इनचार्ज. बाबा वारले त्याले आठ वर्षं झाली, पण पीयूष आजही सायेबांसमोर खुर्चीत बसत नाही. सायेबांनी वाकून पिल्लं मोजली, मोबाईलवर फोटो काढला अन् गल्लीच्या ग्रुपवर टाकला. मंग मले समजावून सांगतलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही, त्याचंच तं भ्या वाटते. म्हणाले, मागच्या वर्षी दोन लेकरांले कुत्रं चावलं, सहाचे साठ व्हायले वेळ लागत नाही, अन् तुमच्या घरी सून गरोदर आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी एक माणूस ऑटो घेऊन येईल, पिल्लं तागाच्या बोऱ्यात घालून शिवनाथ नदीच्या पलीकडे सोडून देईल.

मी विचारलं, अन् लाली? ते म्हणाले, हाती लागली तर तीही, नाही तर ती आपोआप निघून जाईल. मी म्हटलं, सायेब, यांचे डोळे उघडले नाहीत अजून, थंडीत एक दिवस तगणार नाहीत हे. ते म्हणाले, शकुबाई, समितीत ठरलंय.

मी म्हटलं, "माह्या जिन्याखाली काय होईल ते मी ठरवीन."

ते हसले अन् निघून गेले. मले ते हसणं लागलं. म्हाताऱ्या बाईले दम देऊन कोणी जात नाही, हसून जाते.

आता पुढचं सांगते ते माह्या तोंडून ऐका, कारण गल्लीत ते दहा परीनं सांगून झालं आहे. आमच्यात लेकराची पाचवी पुजतात. त्या दिवशी सटवाई येते अन् लेकराच्या कपाळी काय ते लिहून जाते, म्हून लेकरू न्हाऊन-माखून तयार पाहिजे. शनिवारी पिल्लांची पाचवी होती. मले वाटलं, बरं सापडलं. सायेबालेही दाखवते अन् सुनेलेही दाखवते, शकुबाईचा हात काय आहे ते.

सकाळी दहा वाजता लालीले भाकरीच्या नादानं गेटाबाहेर काढलं अन् कडी लावली. शेगडी पेटवली. घमेल्यात पाणी काढलं. पिल्लांखालची गोधडी घाण झाली होती, ती काढून धुण्याच्या दगडावर फेकली. मंग पाटावर बसून पाय लांब केले. पयला पैलवान घेतला. तळव्यावर पालथा घातला, खोबरेल चोळलं, कोमट पाणी घातलं, फडक्यानं पुसलं, धुरीवरून फिरवला. तो कुईकुई करून राहिला होता अन् मी गाणं म्हणून राहिली होती. भूमिका खिडकीतून म्हणाली, आई, यांले आंघोळ चालते का, कोणाले विचारलं का? मी म्हटलं, मी विचारू? लोक मले विचारतात.

दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. चिमणीपर्यंत आली तोवर घमेल्यातलं पाणी थंड झालं होतं अन् गॅसवर दुसरं ठेवायचा मले कंटाळा आला. म्हून तिले नुसतं कोरड्या फडक्यानं पुसली अन् ठेवून देल्ली. सहाही पिल्लं धुतलेल्या साडीवर ओळीनं मांडली, प्रत्येकाच्या कपाळाले हळदीचं बोट लावलं अन् गेट उघडलं.

लाली धावत आली. पयल्या पिल्लाले तिनं नाक लावलं अन् जोरात शिंकली. मागं सरकली. दुसऱ्याले नाक लावलं, परत शिंकली. धुरीचा वास, तेलाचा वास, हळदीचा वास. तिची लेकरं तिले ओळखू येईनात. ती दोन घेरे मारून गेटापाशी जाऊन बसली अन् मान लांब करून आमच्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, येईल थोड्या वेळानं, माय आहे ती.

ती आली नाही. पिल्लांची लव ओलीच होती, वरून दिसे कोरडी, पण बोट घातलं तं आत ओल. ऊन जिन्याखाली येत नाही. चार वाजता पैलवान थंड पडला. तोच, सगळ्यात जाडजूड, सगळ्यात पयले न्हायलेला. मी घाबरली. घरातलं गाईचं दूध गरम केलं, कापसाची वात करून त्याच्या तोंडात पिळली. दूध ओठातून बाहेर आलं. मंग नाकातून आलं. मी त्याले चोळलं, फुंकर घातली, छातीशी धरलं. दिवेलागणीले तो माह्या तळव्यावर गेला.

चाळीस वर्षांत माह्या हातावर लेकरू मेलं नव्हतं.

भूमिका बाहेर आली, पायलं अन् एक शब्द बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं, मी भांडली असती. तिनं मोबाईलवर काही शोधलं, कोणाले फोन केला, उरलेली पाच पिल्लं टोपल्यात घातली, वरून आपली शाल टाकली अन् म्हणाली, आई, चला. सातव्या महिन्याचं पोट घेऊन ती ऑटोत बसली. टोपलं तिनं मांडीवर घेतलं अन् शाल दोन्ही हातांनी दाबून धरली. मी बाजूले बसली. ऑटो दुर्गच्या पद्मनाभपुरात, एका दवाखान्यासमोर थांबला.

जनावरांची डॉक्टरीण नूतन नावाची पोरगी होती, तिशीचीही नसेल. तिनं पिल्लांले हात लावला, मंग माह्या हाताचा वास घेतला. खरंच घेतला. म्हणाली, आजी, धुरी दी क्या? मी मान हलवली. ती ओरडली नाही. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, असं तिनं मले सगळं सांगतलं. पयले दोन आठवडे पिल्लाले आपल्या अंगची ऊब बनवता येत नाही, मायची ऊबच त्याची ऊब. ओलं झालं की थंड झालं. अन् थंड पोटात दूध पचत नाही, म्हून पयले हळूहळू ऊब द्यायची, मंगच दूध, अन् गाईचं तं नाहीच. त्यांले मूतसुद्धा आपल्यानं येत नाही, मायनं चाटल्यावर येते. अन् माय ओळखते ती फक्त वासानं. तो वासच मी धुऊन टाकला होता.

मंग तिनं चिमणीले उचललं, नाकाशी धरलं अन् विचारलं, हिले नाही न्हाऊ घातलं का? मी सांगतलं, पाणी थंड झालं होतं. ती म्हणाली, बस, यही बचाएगी सबको. हिले मायपुढे पयली ठेवा. बाकीच्यांले हिच्या अंगाशी घासा, अन् जुनी गोधडी धुतली नसेल तं त्यांच्या अंगावरून फिरवा.

गोधडी धुतली नव्हती. दगडावर तशीच पडली होती. ऑटोतून उतरल्याबरोबर मी ती घाण गोधडी छातीशी धरून आणली. एक-एक पिल्लू तिच्यात घोळलं, चिमणीशी घासलं. मंग चिमणीले जिन्याच्या तोंडाशी एकटी ठेवली अन् मी दूर झाली. चिमणी ओरडली. बारीक, पण अशी ओरडली की लाली गेटापाशून उठली. आली, हुंगलं, अन् चाटायले लागली. तिले तोंडात धरून आत घेऊन गेली अन् आडवी पडली. भूमिकानं बाकीची चार तिच्या पोटाशी सरकवली. लाली परत एकदा शिंकली, मले वाटलं आता उठते. नाही उठली. चाटत राहिली. मी तिथंच पायरीवर बसून रडली, भोकाड पसरून, सुनेच्या समोर. लाज वाटली नाही.

पैलवानाले आमच्या मागच्या अंगणात मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली पुरलं अन् वर एक दगड ठेवला.

रविवारपासून आमची ड्युटी लागली. ड्युटीच म्हणते मी. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पिल्लांच्या बाजूले, अंगाले चिकटून नाही, नको वाटली तं सरकता आलं पाहिजे. पाणी दर तीन तासांनी बदलायचं. हात धुऊन, पण साबणाचा वास जाईपर्यंत धुऊन, मंगच हात लावायचा. लालीचं पोट भरलेलं पाहिजे, तिचं दूध आटलं तं सगळं आटलं, म्हून पेजेत आता कोंबडीचं सूप बी चालू केलं. अन् सकाळी दहा वाजता वजन. भूमिकाकडे केक बनवायचा छोटा काटा होता, त्यावर वाटी ठेवून एक-एक पिल्लू मोजायचं. मी आकडा वाचे, ती भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहे. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं, आकडा रोज वाढला पाहिजे, एक दिवस थांबला तं मले फोन करा. चिमणी पयल्या दिवशी दोनशे पस्तीस ग्रॅम होती. बुधवारी ती दोनशे नव्वदवर थांबली. गुरुवारी बी दोनशे नव्वद. फोन केला. तं समजलं, मोठी पिल्लं तिले पुढच्या थानाले ढकलून राहिली, दूध मागच्या थानाले जास्त. तवापासून मी दर वेळेस तिले मागच्या थानाले लावून, बाकीच्यांले हातानं अडवून बसे. तिचं पोट टम्म झालं की मंगच बाकीच्यांची पाळी.

वजनाच्या वेळेस बसल्या-बसल्या मी भूमिकाले विचारलं, नर्सबाई नाळेचं काय म्हणते वो? तिनं सांगतलं. धुरीनं लेकराच्या छातीले काय होते तेही सांगतलं. मी ऐकलं. माफी मागितली नाही, मले ती येत नाही. पण ऐकलं, अन् शुक्रवारी तिच्या हातची चाय प्याली.

शनिवारी पीयूष मले म्हणाला, आई, उद्या सायेबांशी वाद नको घालू, बाबांच्या काळापासूनचा संबंध आहे. मी त्याले म्हटलं, तू आपल्या खोलीत बसून राहा बेटा, तुले कोणी बोलावलं नाही.

रविवारी साडेनऊले ऑटो आला. एक माणूस, त्याच्या खांद्यावर दोन रिकामे बोरे. मागं सायेब, अन् त्यांच्या मागं गल्लीतले आठ-दहा जण, थोडे तमाशा पाहायले, थोडे खरंच भ्यालेले. मी आधीच तयार होती. जिन्याच्या तोंडाशी पाट टाकला अन् बसली, दोन्ही पाय लांब करून, जशी लेकरू न्हाऊ घालायले बसते तशी. माह्या पायावरून गेल्याबिगर आत जायले जागाच नव्हती. मागं लाली गुरगुरून राहिली होती.

सायेब म्हणाले, सरका शकुबाई. मी म्हटलं, नाही सरकत. ते म्हणाले, लोकांचा वेळ जातोय. मी म्हटलं, लोकांले जाऊ द्या घरी.

मंग मी त्यांले एक जुनी गोष्ट सांगतली. पीयूष एक वर्षाचा होता, त्याले ताप भरला होता, अन् त्याचे बाबा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, यायच्या पाच मिनिटं आधी ड्युटीवरून निघाले. याच सायेबांनी त्यांले मेमो देल्ला होता. "तुमी म्हटलं होतं, रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडायची नाही, घरी कोणी मरत असलं तरी. आमी बोललो नाही काही, कारण ते बरोबर होतं. ही माही पोस्ट आहे सायेब. माहा रिलीव्हर कोण ते सांगा, मी आत्ता उठते."

सायेबांले आठवलं असेल. मंग त्यांनी त्या हळू आवाजात विचारलं, जो कधी चढत नाही.

"पिल्लं सहा होती. आता पाच आहेत. सहावं कुठे आहे?"

सगळ्यांले माहीत होतं. त्यांनी ते सगळ्यांसमोर माह्या तोंडून काढायचं ठरवलं होतं. माह्या डोक्यात तिडीक गेली, अन् मंग कुठून कोण जाणे, थंडही वाटलं.

"मेलं," मी म्हटलं. "मी मारलं. थंडीत न्हाऊ घातलं, धुरी देल्ली, वरून गाईचं दूध पाजलं. सून म्हणाली विचारा, मी नाही विचारलं. मागं मुंगण्याच्या झाडाखाली पुरलं आहे. एक माह्या हातानं गेलं सायेब, म्हूनच हे पाच मी कोणाच्या हाती देत नाही."

बोरेवाला माणूस खाली पाहून राहिला होता. सायेबांनी माह्यावरून नजर काढली अन् पोर्चात उभ्या असलेल्या भूमिकाकडे पायलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "दोन महिन्यांनी तुझं बाळ येईल. ते देशील या हातांत?"

हा सवाल माहाच होता. आठ दिवस मी तोच माह्या मनाशी विचारून राहिली होती, अन् भूमिकाले विचारायची हिंमत झाली नव्हती. धरणी फाटून पोटात घेईल तं बरं, असं वाटलं. मी तिच्याकडे पायलंच नाही. माह्या लांब केलेल्या पायांकडे पाहत राहिली.

भूमिका घरात निघून गेली. मी म्हटलं, झालं, भेटला जवाब.

ती परत आली ती प्लास्टिकची खुर्ची ओढत. खुर्ची तिनं माह्या पाटाच्या बाजूले, जिन्याच्या तोंडाशी टेकवली.

"देईन, काका," ती म्हणाली. "तुमच्या पोरीले, ऐश्वर्याताईलेही याच हातांत देल्लं होतं तुमी. तुमच्या घरच्या काकूंनीच मले सांगतलं, ताई आठ महिन्यांत झाली होती, अन् आईंनी रोज दोनदा येऊन न्हाऊ घातलं." मंग ती एक हात पोटावर ठेवून हळूच बसली अन् मले म्हणाली, "आई, दहा वाजले. तुमी आत जाऊन वजन करा. मी बसते. मी तुमची रिलीव्हर."

पीयूष कधी बाहेर आला मी पायलं नाही. तो येऊन तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. हात मागं बांधून सायेबांसमोर उभा राहायची त्याची सवय आहे ना, ते हात त्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर होते.

ऑटोवाल्यानं विचारलं, ले जाना हे के नइ, साहब? सायेबांनी घड्याळ पायलं. त्यांचा चेहरा उतरला होता असं मी म्हणणार नाही, तो माणूस तसा नाही. त्यांनी सगळ्यांकडे तोंड करून सांगतलं, सात आठवडे. तोवर लसीच्या सुया मारून प्रत्येकाला घर शोधायचं, आणि आईचं ऑपरेशन करून घ्यायचं, गल्लीत नवीन पिल्लं नकोत. मी म्हटलं, सुयांची तारीख डॉक्टरीणबाईनं आधीच देल्ली आहे, तुमी सांगायची गरज नाही. भूमिकानं माह्या पाठीले चिमटा काढला, म्हून पुढचं गिळलं. ऑटो रिकामा गेला.

आत जाऊन वाटी काट्यावर ठेवली. मंग चिमणीले ठेवलं. चारशे पाच. तिचा एक डोळा किलकिला झाला होता, पापणीच्या फटीत काळं-निळं काही चमकून राहिलं होतं. बाहेरून भूमिकानं विचारलं, किती? मी सांगतलं. ती म्हणाली, मोठ्यानं सांगा, सगळ्यांले ऐकू जाऊ द्या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. तिसऱ्या आठवड्यात पाचही जणं लडखडत चालायले लागली, जिन्याखाली पोती टाकली, फरशीवर पाय घसरून वाकडे होऊ नयेत म्हून. जंताचं औषध दोनदा पाजलं. चौथ्या आठवड्यात दात आले अन् लाली दूध पाजता-पाजता उठून जायले लागली, तवा पेजेत भात कुस्करून ताटलीत देल्ला. पिल्लं ताटलीत पोहली जास्त, खाल्ली कमी. सहाव्या आठवड्यात पयली सुई. दोन पिल्लं कैंपात गेली, मी न्हाऊ घातलेल्यांच्याच घरी. एक राजनांदगावले, भूमिकाच्या माहेरी. एक डॉक्टरीणबाईनं आपल्या ओळखीत देल्लं. लालीचं ऑपरेशन झालं, ती आता परत कोणाचीच नाही अन् सगळ्यांची. चिमणी आमच्याकडे राहिली. सायेब रोज सकाळी फिरायले जातात तवा ती गेटातून त्यांच्यावर भुंकते. मी तिले थांबवत नाही.

मार्चमध्ये आमच्या घरी पोरगी झाली. नाळ पडेपर्यंत मी तिले पाण्याजवळ नेलं नाही. पंधराव्या दिवशी भूमिकानं तिले माह्या लांब पायांवर ठेवलं, तं मी पयले नर्सबाईले फोन लावून सगळं परत विचारलं, तीनदा विचारलं, ती वैतागली. खिडकी बंद केली. पाणी कोपरानं पायलं. शेगडी पेटवली नाही, नाकात तेल सोडलं नाही. पोरगी तशीच झोपली, जशी चाळीस वर्षं सगळी लेकरं झोपली.

आता बी गल्लीत कोणी-कोणी म्हणते, शकुबाईच्या हातून पिल्लू मेलं. म्हणू द्या. ज्याले पाहायचं त्यानं यावं, मागच्या अंगणात मुंगण्याच्या झाडाखाली दगड आहे, मी स्वतः नेऊन दाखवते. अन् ज्याले आपलं लेकरू न्हाऊ घालायचं असेल, त्याले बी पयले तोच दगड दाखवते, मंग हात धुते.